पहिली तारीख हातची सोडू नका

रावेर तालुक्यातील एका शेतकरी भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि नेमक्या तारखा वगळून त्याचा सारांश येथे देत आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मृगबागेचा केळीचा माल एकाच दिवशी दोन ट्रक भरून एका व्यापाऱ्याला उधारीवर दिला. पैसे अमुक दिवसांत द्यायचे असे काही ठरलेले नव्हते. बिल ४,७०,००० रुपयांचे झाले. पाच आठवड्यांनी व्यापाऱ्याने ५०,००० रुपयांचा चेक दिला आणि तो वटला. उरलेले ४,२०,००० रुपये आजपर्यंत मिळालेले नाहीत. तीन वर्षे पूर्ण होण्याचा शेवटचा दिवस रविवारी येत होता, म्हणून त्यांच्या वकिलांनी आदल्या शनिवारी रात्री ११ वाजून २० मिनिटांनी वसुलीचा दावा ई-फाइलिंगने दाखल केला. त्या रात्री बँकेची यंत्रणा चालेना, त्यामुळे कोर्ट फीचे चलन सोमवारी दुपारी भरले गेले. गुरुवारी छाननीत ऑब्जेक्शन निघाले: दाव्यात मुद्दल आणि दरसाल दर शेकडा १२ प्रमाणे तीन वर्षांचे व्याज अशी दोन्हींची मागणी आहे, मात्र फी केवळ मुद्दलावर भरली आहे, सबब उरलेली फी भरावी. वकील म्हणतात, ‘जुना क्रमांक तसाच पडू द्या, नव्या तारखेने नवीन दावा टाकू, ते सोपे पडेल.’ त्यांनी तसा मसुदाही सहीसाठी पाठवला आहे. गावातील एक वडीलधारे जिभाऊ म्हणतात, ‘व्याजाचा नाद सोड, फी वाचेल.’ भावाचे म्हणणे असे की चूक वकिलाची आहे, तेव्हा आधी वकील बदलावा. भगिनी विचारतात, ‘माझ्या दाव्याची खरी तारीख कोणती? शनिवार, सोमवार, की फी पूर्ण होईल तो दिवस? तारीख पुढे गेली तर फी वाढेल का? आणि माझ्या सासऱ्यांचा २०१५ सालचा जमिनीचा दावा नुकताच निकाली निघाला, त्याचे अपील करायचे आहे. त्याला आजच्या दराने फी लागेल का?’

ताई, तुमच्या पत्रातील एक गोष्ट थांबण्यासारखी नव्हती, म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला वेगळे कळवले होते की नव्या तारखेच्या मसुद्यावर सही करू नका आणि उरलेली फी त्याच जुन्या क्रमांकावर भरा. आता त्यामागची कारणे सविस्तर लिहितो. केळी, कापूस, कांदा उधारीवर देऊन बसलेले आणि तीन वर्षे सरत आल्यावर कोर्टाची पायरी चढणारे शेतकरी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. हे उत्तर त्यांच्याही उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

तुमच्या पत्रात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते आधी बाजूला काढले पाहिजे. तारीख आणि फी हा एकच प्रश्न आहे, जेव्हा फी पुरी भरली जाते तेव्हाच दावा दाखल होतो, असे तुम्ही धरून चालला आहात. ही समजूत चुकीची असली तरी तिच्यामागे कारण आहे. पूर्वी स्टॅम्प व्हेंडरकडून कोर्ट फीचे तिकीट आणून वादपत्राला, म्हणजे दाव्याच्या लेखी अर्जाला, चिकटवायचे आणि मगच ते कारकुनासमोर ठेवायचे, त्यामुळे फी आणि दाखल होणे या दोन गोष्टी डोळ्यांसमोर एकाच वेळी घडत. ई-फाइलिंगने त्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. कायद्यात मात्र त्या पहिल्यापासूनच वेगळ्या होत्या.

मुदतीचा कायदा १९६३ चा. त्याच्या कलम ३ प्रमाणे वादपत्र योग्य अधिकाऱ्यापुढे सादर झाले की दावा दाखल झाला असे धरले जाते. छाननी कधी झाली, नोंदणी क्रमांक कधी पडला, समन्स कधी निघाले याचा त्या व्याख्येशी संबंध नाही. कमी पडलेल्या फीचा विषय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. न्यायालय उरलेली फी नंतर भरण्याची परवानगी देऊ शकते आणि ती भरली गेली की तो कागद जणू सुरुवातीलाच पूर्ण फीसह दिला होता असा त्याचा परिणाम होतो, असे ते कलम सांगते. म्हणजे फी मागाहून पूर्ण झाली तरी तिचा परिणाम मागे जाऊन पहिल्या दिवसाला चिकटतो. तुमच्यासाठी पहिला दिवस शनिवार आहे.

शनिवारी रात्री न्यायालयाचे दार बंद होते, मग ते सादर करणे कसे, ही शंका तुमच्या मनात येईल. शेवटच्या दिवशी कचेरीची वेळ टळून गेल्यावर न्यायाधीशांच्या निवासस्थानी जाऊन वादपत्र सादर करण्याची उदाहरणे आपल्याकडे जुनी आहेत आणि न्यायालयांनी ती मान्यही केली आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम १३ प्रमाणे, पाठवलेला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज ठरवून दिलेल्या संगणक व्यवस्थेत शिरला की तो पोहोचला असे मानतात. सर्वोच्च न्यायालयापुढे १ मे २०२३ रोजी एका अपिलाचा प्रश्न निकाली निघाला. ते अपील कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये आधी ऑनलाइन दाखल झाले होते आणि कागदी प्रत तीन आठवड्यांनी पोहोचली होती. न्यायाधिकरणाने ते मुदतबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन दाखल केल्याची तारीख धरून तो निर्णय फिरवला. तो निकाल त्या न्यायाधिकरणाच्या नियमांवर आधारलेला आहे, म्हणून तुमच्या तालुका न्यायालयाला तो शब्दशः लागू होतो असे मी म्हणणार नाही. तरीही न्यायव्यवस्था या प्रश्नाकडे कोणत्या दिशेने पाहते आहे हे त्यावरून कळते आणि तुमच्या वकिलांनी तो हाताशी ठेवावा.

तुमच्या बाबतीत आणखी एक आधार आहे. मुदतीचा शेवटचा दिवस रविवार होता. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, असे मुदतीच्या कायद्याचे कलम ४ सांगते. म्हणून समोरच्या वकिलांनी शनिवारची रात्र मान्य केली नाही आणि चलनाचा सोमवार धरला, तरीही तुमचा दावा मुदतीतच बसतो. ज्या सोमवारने तुमची झोप उडाली आहे, तो सोमवार तुमच्याच बाजूचा आहे.

आता तिसरी गोष्ट, जिच्याकडे तुमचे, तुमच्या वकिलांचे आणि जिभाऊंचेही लक्ष गेलेले दिसत नाही. माल उधारीवर दिला आणि पैसे देण्याची मुदत ठरलेली नसली, तर माल पोहोचवल्याच्या दिवसापासून तीन वर्षे मोजतात, हे बरोबर आहे. परंतु मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने देण्यापोटी काही रक्कम दिली आणि त्या देण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने झालेली असेल, तर कलम १९ प्रमाणे त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. सही केलेला आणि वटलेला चेक ही अशी नोंद होऊ शकते. तो ५०,००० रुपयांचा चेक माल दिल्यानंतर पाच आठवड्यांनी आला होता, म्हणजे तुमची मुदत त्या रविवारनंतरही सुमारे पाच आठवडे चालू राहते असे म्हणायला जागा आहे. हा आधार आपोआप मिळत नाही. ज्या कारणाने मुदत वाढते असे तुमचे म्हणणे असेल, ते वादपत्रात स्पष्ट लिहावे लागते. संहितेच्या आदेश ७ मधील नियम ६ तेच सांगतो. वादपत्रात चेकची तारीख, क्रमांक, बँक आणि तो याच बिलापोटी दिला होता हे विधान आहे की नाही, ते आज पाहून घ्या. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज द्यायला सांगा. तो अर्ज पाच आठवडे उलटण्याआधी दिलेला बरा.

इतके आधार असताना नवा दावा टाकायला काय हरकत आहे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे, आणि तुमच्या वकिलांनाही कदाचित तसेच वाटले असेल. माझी हरकत अशी आहे की जुना क्रमांक सोडला की शनिवार आणि सोमवार हे दोन्ही दिवस तुम्ही स्वतःच्या हाताने टाकून देता आणि सगळा भार त्या एका चेकवर येऊन पडतो. व्यापाऱ्याने उद्या सांगितले की तो चेक दुसऱ्याच व्यवहाराचा होता, तर तो वाद पुराव्याने सोडवेपर्यंत दावा लटकतो. आणि तो मुद्दा तुमच्या विरुद्ध गेला तर दावा मुदतबाह्य ठरतो. अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाला तर मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे उशीर माफ करण्याची विनंती करता येते, मूळ दाव्याला ती सोय नाही. व्यापाऱ्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे हे न्यायालयाचे स्वतःचे कर्तव्य आहे. काही हजारांची फी उशिरा भरण्यात जो धोका आहे, त्याच्या कितीतरी पट धोका या सोप्या वाटेत आहे.

वकिलांनी पाठवलेल्या मसुद्यात नवी तारीख घातली आहे आणि व्याजही त्या नव्या तारखेपर्यंत मोजले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ऑब्जेक्शन दूर करताना अनेक ठिकाणी असे घडते आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. परंतु वादपत्राखालची तारीख, सत्यापनाची (मजकूर खरा असल्याच्या प्रतिज्ञेची) तारीख आणि व्याजाची अखेरची तारीख या तिन्ही गोष्टी पुढे सरकल्या की तो कागद स्वतःच बोलू लागतो की मी नंतर जन्माला आलो. जुन्या क्रमांकावर दुरुस्त प्रत चढवली तरी हा घोटाळा उरतो. म्हणून मूळ वादपत्र तसेच ठेवावे, मूल्यांकनाचा परिच्छेद आणि फीचा आकडा तेवढा दुरुस्त करावा, दुरुस्ती कोणत्या दिवशी केली ते वेगळ्या नोंदीने दाखवावे आणि मूळ तारीख खोडू नये. दावा दाखल झाल्यानंतरच्या काळाचे व्याज तुम्हाला गमवावे लागत नाही. ते संहितेच्या कलम ३४ प्रमाणे न्यायालय हुकूमनाम्यात देऊ शकते आणि त्यासाठी आज व्याजाची तारीख पुढे ओढावी लागत नाही.

तारीख पुढे गेली तर फी वाढेल का, या तुमच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत.

पहिली बाजू मूल्यांकनाची. पैशांच्या दाव्यात मागितलेली रक्कम हेच मूल्यांकन असते, आणि त्या रकमेत दावा दाखल होण्याच्या दिवसापर्यंतचे मागितलेले व्याज धरले जाते. तुमचे मुद्दल ४,२०,००० आणि तीन वर्षांचे व्याज १,५१,२००, मिळून ५,७१,२०० रुपये होतात. छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्याने काढलेले ऑब्जेक्शन म्हणजे बरोबर आहे आणि ते मनाला लावून घेण्याचे कारण नाही. तारीख नऊ दिवसांनी पुढे गेली असे समजले, तर दिवसाला सुमारे १३८ रुपये धरून व्याज साधारण १,२४३ रुपयांनी वाढते. फीचे कोष्टक टप्प्यांनी चढते, ‘इतक्या रकमेवर किंवा तिच्या भागावर’ अशी त्याची भाषा आहे, त्यामुळे टप्पा ओलांडला गेला तरच फी बदलते. समजा टप्पा १०,००० रुपयांचा असेल, तर ५,७१,२०० आणि ५,७२,४४३ या दोन्ही रकमा एकाच टप्प्यात पडतात. म्हणजे ज्या वाढीची तुम्हाला धास्ती वाटते आहे ती बहुधा शून्य असेल, किंवा एका टप्प्याची. जमिनीच्या किंवा घराच्या दाव्यात ही गोष्ट इतकी हलकी नसते, कारण जेथे बाजारभाव धरायचा असतो तेथे दाखल होण्याच्या दिवसाचा भाव पाहिला जातो आणि रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव एका वर्षात बराच बदलू शकतो.

दुसरी बाजू दराची. आपल्या राज्यात १९५९ चा न्यायालय फी अधिनियम लागू आहे. त्यात मोठी वाढ करणारी दुरुस्ती १६ जानेवारी २०१८ पासून अमलात आली आणि तिने फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेली. अशी वाढ होते तेव्हा आदल्या दिवशी दाखल झालेला आणि त्या दिवशी दाखल झालेला दावा यांत फरक पडतो, कारण कागद सादर होताना जो दर लागू असेल तो त्या कागदाला लागतो. ज्याने वाढीच्या आधी दावा सादर केला आणि फी थोडी कमी पडली, त्याने ती वाढीनंतर पूर्ण केली तरी हिशेब सादर करण्याच्या दिवसाच्या दराने व्हावा, हे कलम १४९ च्याच तर्कातून निघते. सध्या तुमच्या दाव्याच्या दरम्यान दर बदलल्याचे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून हा मुद्दा तुम्हाला लागू होत नाही. परंतु ज्या वाचकांचे दावे अशा उंबरठ्यावर अडकतील त्यांनी ई-फाइलिंगची पोचपावती जिवापाड जपावी, कारण फीचा दर ठरवण्याच्या कामीही तीच कामी येईल.

कलम १४९ हा हक्क नाही, न्यायालयाचा विवेकाधिकार आहे, हेही सांगितले पाहिजे. फी प्रामाणिक चुकीने कमी पडली असेल तर न्यायालये सहसा हात आखडता घेत नाहीत. पाटण्याच्या उच्च न्यायालयातील एका अपिलात ठरलेल्या दिवसापर्यंत फी भरली गेली नाही आणि आता आम्हाला मुदत वाढवता येत नाही असे त्या न्यायालयाने सांगितले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये असे बंधन न्यायालयाचे हात कायमचे बांधत नाही हे स्पष्ट केले. पण तारीख अडकवून ठेवण्यासाठी कोणी मुद्दाम नाममात्र फी भरली आणि मग महिनोन्‌महिने स्वस्थ बसला, तर न्यायालय ती सवलत नाकारू शकते आणि आदेश ७ च्या नियम ११ खाली वादपत्र फेटाळले जाऊ शकते. तुमच्या बाबतीत मुद्दलावरची फी पहिल्याच उघड्या दिवशी भरलेली आहे, म्हणून हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. ती जागा निर्माण होऊ न देणे मात्र पुढच्या काही दिवसांत तुमच्या हातात आहे. छाननीत दिलेल्या दिवसांच्या आत फी भरा. जमत नसेल तर ते दिवस संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज द्या, संपल्यानंतर नव्हे.

आता जिभाऊंचा सल्ला. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही आणि फीचा आकडा ऐकून कोणाही शेतकऱ्याच्या मनात हाच विचार येईल. तरीही व्याज सोडण्यापूर्वी दोन गोष्टी तोलून पाहा. एक, याच व्यवहारातून मागता येणारा जो भाग तुम्ही आज सोडाल तो पुढे वेगळ्या दाव्याने मागता येणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २ चा नियम २ ती वाट बंद करतो. १,५१,२०० रुपये कायमचे सोडणे आणि त्यावरची फी भरणे यांची बरोबरी होऊ शकत नाही. दुसरी, दावा जिंकल्यावर फी साधारणतः खर्चात धरली जाते आणि हरणाऱ्याने ती द्यावी असा आदेश होऊ शकतो, म्हणजे ती रक्कम कायमची गेली असे नाही. प्रकरण लोकअदालतीत मिटले तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम २१ प्रमाणे भरलेली फी परत मिळण्याची तरतूद आहे. व्याजाचा काही भाग सोडायचाच असेल तर तो तडजोडीच्या टेबलावर, व्यापाऱ्याकडून मुद्दल हातात घेताना सोडा. तेथे त्या सोडण्याला किंमत मिळते. न्यायालयाच्या दारात फी वाचवण्यासाठी सोडलेल्या व्याजाची व्यापाऱ्याला खबरही नसते.

फी भरण्याइतके पैसे खरोखरच हाताशी नसतील, तर वाट वेगळी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्याच कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा मिळू शकते, म्हणून जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. राज्य शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसा आणि वैवाहिक संबंधांतून उद्भवलेल्या मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना फी माफ केलेली आहे; तुमचा दावा व्यापारी उधारीचा असल्याने ती माफी तुम्हाला लागणार नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या एखाद्या भगिनीला ती लागू शकते. आणि ज्याच्याकडे साधनच नाही त्याने निर्धन म्हणून दावा करण्याचा अर्ज संहितेच्या आदेश ३३ खाली करावा. अशा प्रकरणात अर्जाची तारीख हीच मुदतीसाठी दाव्याची तारीख मानली जाते.

तुमच्या भावाला माझ्या वतीने एवढे सांगा की शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास संगणकासमोर बसून ज्याने तुमचा दावा चढवला, त्याने तुमचे मोठे काम केले आहे. मूल्यांकनात व्याज धरायचे राहिले ही चूक आहे, पण ती दुरुस्त होणारी आहे. वकील बदलायचा तर नवे वकीलपत्र, जुन्यांची ना-हरकत, कागदांची ने-आण यात जे आठ-दहा दिवस जातील ते दिवस आज तुमच्याकडे नाहीत. फी भरून ऑब्जेक्शन दूर झाल्यानंतर तो विचार शांतपणे करता येईल.

पुराव्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढे वाद झाला तर तो येथेच होणार आहे. ई-फाइलिंगनंतर आलेली पोचपावती, तिच्यावरील क्रमांक व वेळ, मोबाइलवर आलेला संदेश, ई-मेल, शनिवारी रात्री फी भरण्याचा प्रयत्न फसल्याची बँकेची नोंद, सोमवारचे चलन आणि त्यावरील जीआरएन (सरकारी संदर्भ) क्रमांक, हे सगळे कागदावर छापून एका फाइलमध्ये लावा आणि मूळ संदेश मोबाइलमधून पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, ते वकिलांकडून तयार करून घ्या. फी भरताना पैसे खात्यातून गेले आणि चलन निघाले नाही असे पुन्हा घडले, तर मुदत जवळ आलेली असताना परताव्याची वाट पाहत बसू नका. दुसऱ्यांदा भरा आणि पहिल्या रकमेच्या परताव्यासाठी नंतर अर्ज करा. घरी जोडणी नीट नसेल तर न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात जाऊन काम होते.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर तुमच्या प्रकरणाची स्थिती पाहाल तेव्हा दोन तारखा दिसतील, एक दाखल झाल्याची आणि एक नोंदणीची. नोंदणीची तारीख नंतरची असणे स्वाभाविक आहे, ती पाहून घाबरू नका. दाखल झाल्याच्या रकान्यातच ऑब्जेक्शन दूर केल्याचा दिवस पडला असेल, तर मात्र ते तसेच सोडू नका. वकिलांना एक छोटा अर्ज द्यायला सांगा की वादपत्र अमुक क्रमांकाने शनिवारी सादर झाले आहे, सोबत पोचपावती जोडली आहे, अभिलेखात तशी दुरुस्ती व्हावी. आणि त्या अर्जावर झालेला आदेश रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) उतरला आहे का ते पुढच्या तारखेला स्वतः पाहा. दोन वर्षांनी साक्षीपुराव्याच्या वेळी हा मुद्दा उकरून काढण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात तो मिटवणे फार सोपे असते.

राहिले तुमच्या सासऱ्यांचे अपील. येथे ई-फाइलिंगच्या पोर्टलवर दिसणाऱ्या फीच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अपील आज दाखल होत असले तरी अपिलाचा हक्क दावा दाखल झाला त्या दिवशीच पक्षकाराला मिळालेला असतो, आणि नंतर वाढवलेली फी त्या हक्कावर नवे ओझे टाकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मुंबई राज्यातीलच एका प्रकरणात ठरवले आहे. तेथे दावा आधीचा होता, फीवाढ १ एप्रिल १९५४ पासून लागू झाली होती आणि अपील त्यानंतर दाखल झाले होते. जुन्या दराने फी घ्यावी असा निर्णय झाला. कायद्याने वाढ मागील दाव्यांनाही लागू केल्याचे स्पष्ट शब्दांत किंवा अपरिहार्य अर्थाने म्हटले असेल तर मात्र हे तत्त्व उपयोगी पडत नाही. म्हणून २०१८ च्या दुरुस्तीची भाषा वकिलांनी वाचावी आणि २०१५ चा दावा असल्याने जुन्या दराने फी आकारावी असे टिपण अपिलासोबत जोडावे. फीचा कायदा संदिग्ध असेल तर त्याचा लाभ पक्षकाराला द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकालही या कामी दाखवता येईल. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची असते आणि निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वजा होतात. फीच्या वादात हे दिवस जाऊ देऊ नका. कार्यालय ऐकत नसेल तर मागितलेली फी हरकत नोंदवून भरा, अपील वेळेत आत जाऊ द्या आणि जादा रकमेच्या परताव्याचा अर्ज मागाहून करा.

उद्या सकाळी वकिलांकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्या: उरलेल्या फीची रक्कम, त्या ५०,००० रुपयांच्या चेकची नोंद असलेला बँकेचा उतारा, आणि शनिवारच्या रात्रीच्या पोचपावतीची छापील प्रत. त्यांना म्हणा, ‘साहेब, नवा दावा नको, याच क्रमांकावर फी भरू, तारीख शनिवारचीच राहू द्या, आणि चेकचा परिच्छेद वादपत्रात आहे का ते माझ्यासमोर एकदा वाचून दाखवा.’